रिपीटरला अँटेना जुळवताना: फ्रिक्वेन्सी दोन, अँटेना एक

रिपीटर, म्हणजे लांबच्या वायरलेस सेटचं बोलणं पकडून पुन्हा प्रसारित करणारं यंत्र, एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो. अँटेना मात्र बहुतेक ठिकाणी एकच असतो. साध्या सेटचा अँटेना किंचित चुकीच्या फ्रिक्वेन्सीचा असला तर पल्ला थोडा घटतो, बाकी सगळं चालून जातं. रिपीटरवर तेवढी चूक डुप्लेक्सरचं, म्हणजे एकाच अँटेनावरचं बोलणं आणि ऐकणं वेगळं ठेवणाऱ्या फिल्टरचं, गणित बिघडवते. मग रिपीटरचा आवाज गावभर खणखणीत ऐकू येतो, पण त्याला स्वतःला लांबच्या हँडहेल्डचा (हातात धरायच्या सेटचा) आवाज ऐकू येत नाही. अशा ठिकाणी लोक पॉवर वाढवतात आणि दोष आणखी वाढतो.

हा लेख मुख्यतः दोन मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातल्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, रिपीटरबद्दल आहे. कारखाने, गृहसंकुलं, सुरक्षा यंत्रणा यांचे यूएचएफ (३०० मेगाहर्ट्झच्या वरचे) रिपीटर जिथे वेगळे वागतात तिथे ते सांगितलं आहे. ज्यांना रिपीटर बसवायचा नाही, फक्त घरून तो नीट पकडायचा आहे, त्यांच्यासाठी घरी कापून करता येणारा अँटेनाही पुढे दिला आहे.

आधी दोन्ही फ्रिक्वेन्सी कागदावर लिहा

अँटेनाचं कॅटलॉग उघडण्याआधी परवान्याचा कागद समोर घ्या. भारतात हॅमना दोन मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि सत्तर सेंटिमीटरचा ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ असा मिळतो. व्यावसायिक रिपीटरला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून ठरावीक फ्रिक्वेन्सींची जोडी नेमून मिळते. ही जोडी हातात येण्याआधी अँटेना घेऊ नका. ‘साधारण यूएचएफ’ म्हणून घेतलेला अँटेना नंतर मिळालेल्या जोडीच्या बाहेर पडला तर तो गच्चीच्या कोपऱ्यात पडून राहतो.

दोन मीटरच्या हॅम रिपीटरची नेहमीची पद्धत अशी: रिपीटर ज्यावर बोलतो त्याच्या ६०० किलोहर्ट्झ खाली तो ऐकतो. उदाहरणाला १४५.७०० वर बोलणारा रिपीटर घेऊ. तो ऐकतो १४५.१०० वर. तुमच्या सेटचं बरोबर उलटं: तो १४५.१०० वर बोलेल आणि १४५.७०० वर ऐकेल. एवढं उलटसुलट लिहून ठेवलं की पुढचा बराच गोंधळ टळतो. आता दोन गणितं करा.

पहिलं, दोन्हींचा मध्य: १४५.४०० मेगाहर्ट्झ. अँटेना या मध्याला जुळवायचा आहे.

दुसरं, दोन्हींमधलं अंतर मध्याच्या किती टक्के आहे: ०.६ भागिले १४५.४, म्हणजे सुमारे ०.४ टक्के. हे अंतर इतकं कमी आहे की जवळपास कुठलाही दोन मीटरचा धड अँटेना ते सामावून घेतो. इथे डोकेदुखी डुप्लेक्सरची असते, अँटेनाची नाही.

यूएचएफवर चित्र उलटं होतं. समजा, ४५५ आणि ४६५ अशी जोडी मिळाली. मध्य ४६०, अंतर १० मेगाहर्ट्झ, म्हणजे २.२ टक्के. डुप्लेक्सरला हे सोपं जातं, पण जास्त गेनच्या (ठरावीक दिशेला जास्त ताकद एकवटणाऱ्या) अँटेनाला दोन्ही टोकं सांभाळताना कष्ट पडतात. त्यातच पुढेमागे दुसरा चॅनल मिळण्याची शक्यता असेल तर तोही आत्ताच हिशेबात धरा.

सेटवर छापलेला १३६–१७४ हा पट्टा सेटमधल्या सर्किटचा आहे. त्यावरून अँटेनाबद्दल काहीच कळत नाही.

लेबलवरचा पट्टा कसला, ते विचारा

दुकानदार ‘१३५ ते १७५ मेगाहर्ट्झ’ म्हणतो तेव्हा त्याचे निदान तीन वेगळे अर्थ संभवतात आणि तिन्ही प्रकारचे अँटेना बाजारात मिळतात.

एक, दांडी कापून किंवा सरकवून तो या पट्ट्यात कुठेही *जुळवता* येतो. जुळवल्यावर मात्र एका वेळी त्यातले मोजकेच मेगाहर्ट्झ हाती लागतात. गाडीवरचे आणि बरेच बेस अँटेना याच प्रकारचे असतात. त्यासोबत कापण्याचा तक्ता येतो, तो फेकून देऊ नका.

दोन, या संपूर्ण पट्ट्यात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप; १ म्हणजे काहीच नाही) अमुक मर्यादेच्या आत राहतो. मग ती मर्यादा किती, ते विचारा. कुणी १.५ धरतं, कुणी २ धरतं. २ धरली की तोच अँटेना कागदावर बराच रुंद दिसतो. १.५ एसडब्ल्यूआरला ४ टक्के पॉवर परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. पल्ल्याच्या दृष्टीने १.५ आणि २ यांच्यातला फरक कानाला कळणारही नाही. रिपीटरला तो महत्त्वाचा का, ते डुप्लेक्सरच्या भागात येईल.

तीन, या पट्ट्यात एसडब्ल्यूआरही ठीक राहतो आणि लहरी फेकण्याची दिशा, म्हणजे झोताचा आकारही टिकतो. आपल्याला हवा तो हाच, आणि लेबलवर सर्वांत कमी वेळा हाच लिहिलेला असतो.

चांगला एसडब्ल्यूआर म्हणजे चांगला अँटेना नव्हे, हे अगदी पक्कं ध्यानात धरा. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या रोधाचा) एसडब्ल्यूआर उत्तम असतो, तरी तो सगळी पॉवर उष्णतेत घालवतो. अतिशय स्वस्त आणि अतिशय रुंद पट्ट्याच्या अँटेनांत थोडाफार हाच प्रकार असू शकतो.

गेनचा आकडाही तपासून घ्या. डीबीआय म्हणजे सगळीकडे सारखं फेकणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत, डीबीडी म्हणजे डायपोल या दोन भुजांच्या साध्या अँटेनाच्या तुलनेत. डीबीआयमधला आकडा डीबीडीपेक्षा २.१५ ने मोठा असतो, अँटेना तोच. ‘६’ असं नुसतं लिहिलं असेल आणि एकक नसेल तर तो आकडा सोडून द्या.

गेन वाढतो तसा पट्टा आणि झोत अरुंद होतो

उभ्या रेषेत एकावर एक घटक रचून गेन मिळवणाऱ्या अँटेनाला कोलिनियर म्हणतात. गच्चीवर दिसणारी पांढरी फायबरग्लासची लांब नळी बहुधा तीच. तिच्यात पॉवर खालून शिरते आणि एकेका घटकातून वर चढते. वरच्या घटकाला ती किती उशिरा पोचते यावर झोत आडवा राहील की कलेल, हे ठरतं. फ्रिक्वेन्सी वाढली की वरचे घटक जास्त मागे पडतात आणि झोत आकाशाकडे कलतो. कमी झाली की जमिनीकडे कलतो. ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी एक टक्का सरकली की झोत एखाद्या अंशाने हलतो.

एखादा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल. सह्याद्रीतल्या माथ्यावरून हिशेब करून पाहा. सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर आणि पुणे शहराची सुमारे ५६०. म्हणजे त्या माथ्यावर अँटेना बसवला तर तो शहराच्या जवळपास ७५० मीटर वर असेल. २५ किलोमीटरवरच्या माणसाकडे पाहायला त्याला फक्त १.७ अंश खाली बघावं लागेल, ५ किलोमीटरवरच्या माणसाकडे पाहायला साडेआठ अंश. एवढ्या उंचीवरून रेडिओ क्षितिज सपाट जमिनीवर सुमारे ११० किलोमीटरवर जातं.

६ डीबीडीच्या अँटेनाचा उभा झोत साधारण १६ ते १८ अंश रुंद असतो. आडव्यापासून खाली आठ-नऊ अंशांपर्यंत तो निम्म्याहून जास्त ताकद देतो, त्यामुळे शहरही कव्हर होतं आणि लांबचा तालुकाही. आता त्याजागी दुप्पट उंचीचा, आठ-नऊ अंश झोताचा अँटेना लावा, आणि तोही चार टक्के चुकीच्या पट्ट्याचा. झोत चार अंश वर गेला की क्षितिजाकडची ताकद निम्मी होते आणि पायथ्याच्या गावांना त्याहून कमी मिळते. मीटरवर एसडब्ल्यूआर कदाचित १.४ दिसत असेल! गेनसाठी मोजलेले सगळे पैसे आकाशात जातात.

म्हणून उंच माथ्यावर माझी पसंती मध्यम गेनला आणि उघड्या फोल्डेड डायपोलच्या रचनेला. चार डायपोल मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) एकावर एक बसवतात आणि प्रत्येकाला सारख्या लांबीच्या केबलच्या जुळणीतून पॉवर देतात. सगळ्यांना ती एकाच वेळी पोचत असल्यामुळे फ्रिक्वेन्सी हलली तरी झोत कलत नाही. फोल्डेड डायपोल मुळातच रुंद पट्ट्याचा असतो आणि धातूने मास्टला जोडलेला असल्यामुळे स्थिर विद्युत जमिनीत उतरते. फायबरग्लासच्या नळीतले सांधे वाऱ्याने वर्षानुवर्षं हलून सैल होतात. एखादा सांधा किंचित जरी सुटला, तरी त्यावरून ट्रान्समीटरची पॉवर जाताना खरखर निर्माण होते आणि ती थेट रिसीव्हरमध्ये शिरते. साध्या सेटवर हा दोष कळतही नाही, कारण तो बोलताना ऐकत नसतो.

गाव सपाट आणि रिपीटर चार मजली इमारतीवर असेल, तर चांगल्या प्रतीचा, अचूक पट्ट्याचा कोलिनियर खुशाल घ्या. तिथे तो खऱ्या अर्थाने कामाला येतो.

डुप्लेक्सर आणि अँटेना एकत्रच निवडा

२५ वॉटचा ट्रान्समीटर म्हणजे ४४ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डीबी). चांगल्या रिसीव्हरला पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल पुरतो, म्हणजे उणे ११९ डीबीएम. दोहोंत १६३ डीबीची दरी आहे आणि दोघे एकाच वायरला लटकलेले आहेत. डुप्लेक्सरच्या कॅव्हिटी (फ्रिक्वेन्सी निवडणारे धातूचे पोकळ डबे) ही दरी सांभाळतात: बोलण्याची फ्रिक्वेन्सी रिसीव्हरकडे जाऊ देत नाहीत, आणि ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीवर सांडणारा ट्रान्समीटरचा गोंगाट अँटेनाआधीच अडवतात. ६०० किलोहर्ट्झ इतक्या जवळच्या जोडीसाठी ८० ते ९० डीबी अडवणारा, सहसा सहा मोठ्या कॅव्हिटींचा संच लागतो. यूएचएफवर ५ किंवा १० मेगाहर्ट्झ अंतर असेल तर छोटा नॉच (नको ती फ्रिक्वेन्सी तेवढी अडवणारा) डुप्लेक्सर भागवतो. तो छोटा प्रकार दोन मीटरवर ६०० किलोहर्ट्झसाठी घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाला तरी.

डुप्लेक्सर ५० ओहमच्या लोडवर जुळवलेला असतो. अँटेनाच्या बाजूला ५० ओहमऐवजी भलतंच काही आलं की कॅव्हिटींची जुळणी सरकते. म्हणून रिपीटरच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर दोन्ही फ्रिक्वेन्सींवर १.५ च्या आत ठेवतात, आणि १.३ मिळाला तर उत्तम. ट्रान्समीटर आणि डुप्लेक्सर यांच्यामध्ये आयसोलेटर बसवता आला तर परत येणारी पॉवर ट्रान्समीटरपर्यंत पोचत नाही. शेजारी दुसऱ्यांचे ट्रान्समीटर असलेल्या माथ्यावर तो असावाच.

डुप्लेक्सर परवडत नसेल तर ऐकायला एक आणि बोलायला एक असे दोन अँटेना लावण्याचा मार्ग राहतो. मग ते एकाच मास्टवर, एकाच उभ्या रेषेत, वर-खाली लावा. दोन मीटरवर उभ्यात २० मीटर अंतर ठेवलं तर सुमारे ६७ डीबी विलगता मिळते. तेच २० मीटर आडव्यात ठेवलं तर जेमतेम ४० डीबी, त्यातूनही अँटेनांचे गेन वजा. ६७ वरची उरलेली तूट रिसीव्हरच्या बाजूला एक-दोन कॅव्हिटी आणि ट्रान्समीटरच्या बाजूला एक-दोन कॅव्हिटी लावून भरून काढता येते.

घरासाठी ग्राउंड प्लेन: कापायचं माप

रिपीटर पकडण्यासाठी घराच्या गच्चीवर पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन (एक उभी सळई आणि तिच्या खाली चार सळया) पुरेसा असतो, आणि तो एका संध्याकाळी होतो. लागतं काय, तर एसओ-२३९ किंवा एन सॉकेट, तीन मिलिमीटरची पितळी किंवा तांब्याची सळई, आणि चार कोपऱ्यांत बसणारे नटबोल्ट.

उभ्या सळईची लांबी सेंटिमीटरमध्ये काढायची तर ७,१२५ ला मेगाहर्ट्झने भागा. १४५.४ साठी ४९ सेंटिमीटर येतात. खालच्या चार सळया सुमारे पाच टक्के लांब, म्हणजे साडेएकावन्न सेंटिमीटर. त्या आडव्या ठेवल्या तर फीडपॉइंटचा (केबल अँटेनाला जोडते त्या जागेचा) रोध ३६ ओहमच्या आसपास येतो. ४५ अंश खाली वाकवल्या की तो ५० कडे सरकतो आणि केबलशी जुळतो.

उभी सळई आधी ५२ सेंटिमीटर कापा, मोजा आणि मग उतरवत या. इथे एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ०.३ मेगाहर्ट्झ. एसडब्ल्यूआरचा तळ (तो सर्वांत कमी असतो ती फ्रिक्वेन्सी) १४२.४ वर दिसत असेल तर तो ३ मेगाहर्ट्झ वर न्यायला हवा, म्हणजे एक सेंटिमीटर कापा. तळ हव्या जागेच्या वर गेला असेल तर सळई जास्त कापली गेली आहे. सॉकेटजवळ नवीन सळई लावा. सत्तर सेंटिमीटरच्या पट्ट्यावर हेच माप १६.४ सेंटिमीटर येतं आणि तिथे एक मिलिमीटर अडीच मेगाहर्ट्झहून जास्त हलवतो. तिथे पक्कड बाजूला ठेवून कानस हातात घ्यावी.

तळ १४५.४ वर आणून थांबा. पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा पट्टा एवढा रुंद असतो की १४४ ते १४६ हा सगळा पट्टा आपोआप आत येतो. दोनपैकी एकाला झुकतं माप द्यायचंच असेल तर तुमच्या बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीला द्या, कारण परत आलेली पॉवर तुमच्याच सेटच्या फायनल ट्रान्झिस्टरला सोसावी लागते.

दोन मीटरसाठी कापलेला हा अँटेना सत्तर सेंटिमीटरवर पाऊण तरंगलांबीचा होतो, कारण ४३५ हे १४५ च्या बरोबर तिप्पट. त्यामुळे तिथेही एसडब्ल्यूआर बऱ्यापैकी मिळतो, मात्र झोत वर उचलला जातो. जमिनीवरच्या रिपीटरसाठी हा तोटा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरच्या रिपीटरसाठी मात्र तोच फायदा ठरतो. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सुरू केलेला तो रिपीटर १४५.९९० वर ऐकतो, ६७ हर्ट्झचा टोन (बोलण्यासोबत पाठवायचा खालचा सूर) मागतो आणि ४३७.८०० वर बोलतो. स्थानक डोक्यावरून जात असताना आकाशाकडे बघणारा अँटेनाच हवा.

हँडहेल्डसोबत येणाऱ्या आखूड रबरी अँटेनाकडून फार अपेक्षा ठेवू नका. दोन मीटरवर त्याची लांबी तरंगलांबीच्या मानाने फारच कमी असते, आणि १३६–१७४ लिहिलेलं असलं तरी तो त्यातल्या एखाद्या तुकड्यातच नीट चालतो. सेटच्या अँटेना सॉकेटच्या बाहेरच्या धातूला ४९ सेंटिमीटरची मऊ वायर अडकवून ती खाली लोंबू द्या. अँटेनाला हरवलेली दुसरी बाजू मिळते आणि काठावरचा रिपीटर बऱ्याचदा उघडतो. नवा अँटेना मागवताना सॉकेट नीट पाहा: काही हँडहेल्डवर एसएमए नर असतो, काहींवर मादी.

आणि रिपीटर उघडतच नसेल तर अँटेना उतरवण्याआधी सीटीसीएसएस टोन (रिपीटर उघडण्यासाठी लागणारा तसाच सूर) आणि ऑफसेटची (बोलण्या-ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सींमधल्या अंतराची) दिशा तपासा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

केबल

फ्रिक्वेन्सीला अचूक जुळणारा अँटेना चुकीच्या केबलला जोडला तर सगळी मेहनत वाया जाते. १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ या बारीक केबलमध्ये सुमारे ६ डीबी जातात. म्हणजे २५ वॉटचे वर सहाच पोचतात, आणि येणारा सिग्नलही चौथाईच उरतो. जाड आरजी-२१३ मध्ये तेवढ्याच लांबीला पावणेतीन डीबी, अर्ध्या इंची हार्डलाइनमध्ये (जाळीऐवजी अखंड धातूचं आवरण असलेल्या केबलमध्ये) एक डीबीहूनही कमी. ४६० मेगाहर्ट्झवर हेच आकडे अनुक्रमे दहाच्या वर, पाच आणि दीड होतात. यूएचएफ रिपीटरला आरजी-५८ लावणं म्हणजे अँटेनाचा गेन केबलमध्येच पुरून टाकणं.

एलएमआर-४०० आणि तिच्यासारख्या केबल घरच्या स्टेशनला उत्तम आहेत. डुप्लेक्सर आणि अँटेना यांच्यामध्ये मात्र त्या टाळाव्यात. त्यांच्यात ॲल्युमिनियमची फॉइल आणि कथिल चढवलेल्या तांब्याची जाळी एकमेकींवर घासतात, आणि काही महिन्यांनी त्या सांध्यात खरखर जन्माला येते. रिपीटरला पन्हाळी तांब्याची हार्डलाइन लावावी, आणि डुप्लेक्सरमधल्या छोट्या जोडण्यांसाठी दुहेरी चंदेरी जाळीची केबल. कनेक्टर एन टाइपचे. निकेल चढवलेले स्वस्त पीएल-२५९ आणि त्यांचे अडॅप्टर रिपीटरच्या वाटेत नकोतच.

मोजमाप: कुठे मोजता, त्यावर सगळं

नॅनोव्हीएनए या अँटेना मोजणाऱ्या छोट्या यंत्रामुळे हे काम हॅमच्या आवाक्यात आलं. पद्धत अशी:

१. स्वीप (मोजायचा फ्रिक्वेन्सी पट्टा) १४० ते १५० मेगाहर्ट्झ ठेवा. पूर्ण पट्टा ठेवला तर तळ नेमका कुठे आहे ते दिसत नाही.

२. ज्या टोकाला अँटेना जोडणार, त्याच टोकाला ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेशन करा. स्वीप बदलला तर कॅलिब्रेशन पुन्हा.

३. एक मार्कर १४५.१०० वर, दुसरा १४५.७०० वर लावा. दोन्ही आकडे लिहा. नुसता तळाचा आकडा लिहू नका, रिपीटर तळावर काम करत नाही.

४. अँटेना जमिनीपासून निदान दोन-तीन मीटर वर आणि धातूपासून दूर ठेवून मोजा. स्वतःही बाजूला व्हा.

५. मग तो अंतिम जागी चढवून पुन्हा मोजा. मास्टच्या जवळ आला की तळ सरकतो आणि एका बाजूची ताकदही बदलते. मास्टला समांतर बसवताना निदान अर्धी तरंगलांबी, म्हणजे दोन मीटरवर एक मीटरभर अंतर ठेवा.

लांब केबलच्या खालच्या टोकाला मोजलेला एसडब्ल्यूआर फसवतो, कारण परत येणारी पॉवर वाटेत खर्च होते. केबलमध्ये ३ डीबी जात असतील आणि वर अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असेल, तर खाली मीटर फक्त १.७ दाखवेल. तेवढ्याच केबलला वर अँटेनाच नसेल, टोक उघडं असेल, तरी खाली ३ दिसेल! म्हणून खालून मोजलेला आकडा एकट्याने वाचू नका. केबलचा लॉस ठाऊक करून घ्या किंवा वर चढून फीडपॉइंटला मोजा. खालचा एसडब्ल्यूआर वर्षागणिक सुधारत चालला असेल तर केबलमध्ये पाणी शिरलं असण्याचीच शक्यता जास्त.

उंच माथ्यांवर बहुधा टीव्ही, एफएम आणि मोबाइलचे मनोरे असतात. सिंहगडावरही दूरदर्शनचा मनोरा आहे. अशा ठिकाणी नॅनोव्हीएनएचं वाचन थरथरतं, कारण शेजारचा ट्रान्समीटर त्याच्या इनपुटमध्ये घुसतो. तिथे फॉरवर्ड आणि रिफ्लेक्टेड पॉवर दाखवणारा वॉटमीटर जास्त भरवशाचा. नॅनोव्हीएनए जोडलेला असताना त्याच केबलवर कुणी पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबणार नाही याची खात्री करा. एका क्षणात ते यंत्र जातं.

बसवणी आणि पाऊस

घाटमाथ्यावरचा पाऊस वरून पडतो, आडवा येतो आणि खालूनही उडतो. प्रत्येक कनेक्टरवर आधी स्वतःशी एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर चांगली पीव्हीसी टेप, आणि शेवटचा वेढा खालून वर चढत जाईल असा द्या, म्हणजे थरांमध्ये पाणी अडकत नाही. केबल खोलीत शिरण्याआधी तिला खाली लोंबता वळसा द्या. फायबरग्लास अँटेनाच्या तळाशी पाणी जाण्यासाठी छिद्र असतं, ते टेपने बुजवू नका. कोकण किनाऱ्यावर खारी हवा ॲल्युमिनियमच्या सांध्यांत पांढरी भुकटी तयार करते. तिथे स्टेनलेसचे बोल्ट आणि सांध्यांवर संरक्षक ग्रीस हवंच.

विजेसाठी केबल खोलीत शिरते तिथेच लाइटनिंग अरेस्टर बसवा, मास्ट आणि अरेस्टर एकाच अर्थिंगला जोडा आणि अर्थची पट्टी सरळ ठेवा, तिला कोपरे नकोत. अरेस्टर घेतानाही त्याच्यावरचा फ्रिक्वेन्सी पट्टा वाचा. पाव तरंगलांबीच्या स्टबचे अरेस्टर एका ठरावीक पट्ट्यापुरतेच असतात, आणि चुकीच्या पट्ट्याचा अरेस्टर तुमच्या जुळवलेल्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर पुन्हा बिघडवतो.

शेवटची कसोटी: रिपीटर बोलत असताना ऐकतो का

एका मित्राला दूर उभं करा, इतकं दूर की त्याचा हँडहेल्ड रिपीटरच्या रिसीव्हरमध्ये जेमतेम, खरखरत ऐकू येईल. त्याला सतत बोलायला सांगा. रिसीव्हरचा आवाज थेट स्पीकरवर ऐका आणि ट्रान्समीटर हाताने बंद-चालू करा. चालू केल्यावर मित्राचा आवाज जास्त खरखरला किंवा गायब झाला, तर रिसीव्हर बहिरा होतो आहे. याला डिसेन्स म्हणतात.

आता डुप्लेक्सरच्या अँटेना टोकाला डमी लोड लावा आणि एका कपलरमधून (थोडाच सिग्नल आरपार जाऊ देणाऱ्या जोडातून) सिग्नल जनरेटरचा क्षीण सिग्नल द्या. पुन्हा ट्रान्समीटर बंद-चालू करा. डमी लोडवरही बहिरेपणा राहिला तर दोष डुप्लेक्सरमध्ये, त्याच्या जुळणीत किंवा त्याच्या अलीकडच्या केबलमध्ये आहे. अँटेनावर चढण्याचे कष्ट घेऊ नका. डमी लोडवर सगळं स्वच्छ आणि अँटेना लावताच बहिरेपणा, तर दोष वर आहे: चुकीचा पट्टा, सैल सांधा, भिजलेली केबल किंवा जवळच गंजलेला एखादा क्लॅम्प. बहिरेपणा वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत असेल तर आधी सांधे आणि क्लॅम्प तपासा. दिवसरात्र सारखाच असेल तर १४५.१०० आणि १४५.७०० वरचे मार्कर पुन्हा वाचा.

बसवणीच्या दिवशीचा स्वीप फाइलमध्ये साठवून ठेवा आणि त्यावर तारीख, केबलची लांबी आणि मोजण्याची जागा लिहा. मग दरवर्षी दोनदा, मे महिन्यात मृगाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर, त्याच जागी त्याच कॅलिब्रेशनने स्वीप घ्या आणि जुन्यावर ठेवून पाहा. ऑक्टोबरच्या स्वीपमध्ये तळ अर्धा मेगाहर्ट्झ खाली सरकलेला आणि रुंद झालेला दिसला तर सर्वांत आधी फीडपॉइंटचा कनेक्टर उघडा.